धबधब्याशेजारचा खडक वर सरकतो, तरी जागा सोडत नाही. हे कसं?

पाणवठा
परवा एका धबधब्यासमोर बराच वेळ बसलो होतो. पाण्याच्या मधोमध एका ठिकाणी नजर लावून मिनिटभर तरी पाहत राहिलो असेन. मग सहज शेजारच्या कोरड्या खडकाकडे पाहिलं, तर खडक हळूहळू वर चाललेला! दहा-पंधरा सेकंदांनी तो थांबला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

डोळ्यांना थकवा आला असेल, एवढ्यावर मी हा विषय सोडला असता. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्या खडकावर शेवाळाचा एक पट्टा होता. खडक वर सरकताना स्पष्ट दिसत होता, पण तो पट्टा मात्र होता त्याच उंचीवर होता. वर सरकणारी वस्तू वर पोचायला हवी ना? माझा खडक सरकत होता आणि कुठेच पोचत नव्हता. गती आहे पण जागा बदलत नाही, असं कसं दिसू शकतं? जाणकारांनी सांगावं.

शंकासुर
अगदी हेच रेल्वेत होतं. खिडकीतून बराच वेळ मागे पळणारी जमीन पाहिली आणि गाडी थांबली, की फलाट हळूच पुढे सरकायला लागतो. लहानपणी मला वाटायचं की गाडी थोडी मागे येऊन थांबते. चित्रपट संपल्यावरची नामावली नीट वाचत बसलं तरी शेवटी पडदा खाली उतरतो.

मास्तर
हे दृष्टिसातत्य. शाळेत शिकवतो आम्ही. वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर साधारण १/१६ सेकंद टिकते. आधीची पुसायच्या आत पुढची आली की दोन्ही जोडल्या जातात आणि गती दिसते. चित्रपट याच तत्त्वावर चालतो. धबधब्याची प्रतिमा डोळ्यात टिकून राहिली, म्हणून खडक हलताना दिसला.

अर्धविराम
मास्तर, आदर ठेवून असहमत. दोन अडचणी आहेत.

एक, पाण्याची प्रतिमा टिकून राहिली असती तर खडकावर पाणी *खाली* जाताना दिसलं असतं. पाणवठा यांना खडक *वर* जाताना दिसला. शिवाय १/१६ सेकंद टिकणारी गोष्ट पंधरा सेकंद कशी पुरेल?

दोन, आणि ही माझ्या मते मोठी अडचण. प्रतिमा टिकून राहण्याने गती दिसूच शकत नाही, गिचमिड दिसेल. धावणाऱ्या माणसाची चोवीस चित्रं एकावर एक ठेवली तर चोवीस पायांचा माणूस दिसेल, धावणारा नाही. आधीचं चित्र जितकं जास्त टिकेल तितका घोळ जास्त.

चित्रपटात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकाच शब्दात कोंबतो. पहिला प्रश्न, मधला अंधार का दिसत नाही? तिथे डोळ्याचा मंदपणा कामाला येतो. पण सेकंदाला २४ वेळा उघडझाप झाली तर ती दिसतेच. म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला, म्हणजे उजेड अडवणाऱ्या फिरत्या झडपेला, दोन किंवा तीन पाती असतात. तेच चित्र दोनदा-तीनदा पडद्यावर पडतं आणि उघडझाप सेकंदाला ४८ किंवा ७२ होते. दुसरा प्रश्न, सुटी चित्रं चालती का दिसतात? ते काम डोळ्याच्या पडद्यावरच्या उरलेल्या छटेचं नाही.

मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थहायमर यांनी १९१२ साली यावर निबंध लिहिला. दोन रेघा, एकामागून एक, थोड्या अंतरावर दाखवायच्या. मधला वेळ फार कमी असेल तर दोन्ही एकदमच दिसतात. फार जास्त असेल तर आधी एक, मग दुसरी. मधल्या एका टप्प्यावर मात्र एकच रेघ इकडून तिकडे *जाताना* दिसते. आणि काही वेळा तर रेघ न दिसता नुसतं 'जाणं' दिसतं. हे शेवटचं वाक्य पाणवठा यांनी ध्यानात ठेवावं, त्यांच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे.

मास्तर
चोवीस पायांचा मुद्दा मान्य. इतकी वर्षं शिकवताना हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही आणि मलाही पडला नाही. उद्या वर्गात मीच विचारतो.

पण दृष्टिसातत्य पूर्ण बाद करू नका. अंधारात जळतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं कडं दिसतं. त्याला आपल्याकडे अलातचक्र असा जुना शब्द आहे. ती प्रतिमा टिकल्याशिवाय कडं कसं दिसेल?

अर्धविराम
तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. आणि पाहा, ते कडं *स्थिर* दिसतं. प्रतिमा टिकली की गती पुसली जाते, तयार होत नाही. तुमच्याच उदाहरणाने माझा मुद्दा पक्का झाला. :)

मास्तर
हे आवडलं. अलातचक्राचा असा विचार कधी केला नव्हता.

माऊ
वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

नेत्रपल्लवी
थोडं उशिरा आले. दृष्टिविज्ञान हा माझा कामाचा विषय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पाणवठा, तुम्हाला दिसलं ते फार जुनं आहे. वाहत्या पाण्याकडे पाहून नजर वळवली की स्थिर वस्तू हलताना दिसतात, असा उल्लेख अ‍ॅरिस्टॉटलच्या लिखाणात आहे. धबधब्याचं वर्णन रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८३४ मध्ये केलं, स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर. त्यांनाही पाण्याशेजारचा खडकच वर जाताना दिसला. म्हणजे तुमची आणि त्यांची नोंद जवळजवळ शब्दशः जुळते.

कारण असं. दिसणाऱ्या जगाच्या प्रत्येक तुकड्यासाठी आपल्या मेंदूत दिशेनुसार कामं वाटून घेतलेल्या चेतापेशी आहेत. काही पेशी खाली जाणाऱ्या गोष्टीला जोरात प्रतिसाद देतात, काही वर जाणाऱ्या. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना १९५९ मध्ये मांजराच्या मेंदूत अशा दिशा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. सशात तर हे काम डोळ्याच्या पडद्यापासूनच सुरू होतं.

या पेशी समोर काही हलत नसतानाही अधूनमधून संदेश देतच असतात. स्थिर खडकाकडे पाहताना 'वर' आणि 'खाली' गटांचा कलकलाट सारखाच, म्हणून मेंदूचा निर्णय: हलत नाही. आता मिनिटभर पाणी पाहिलं. 'खाली' गट सतत ओरडून मंदावला. मग खडकाकडे पाहिलं तर 'वर' गट नेहमीइतकाच बोलतोय, पण समोरचा आवाज बसलाय. पारडं वरच्या बाजूला झुकलं, म्हणून खडक वर चालला. १९६३ मध्ये होरेस बार्लो आणि रिचर्ड हिल यांनी सशाच्या डोळ्यातल्या पेशींवर ही मंदावण्याची क्रिया मोजून दाखवली.

मास्तरांसाठी एक प्रयोग, वर्गात सहज होईल. एक डोळा झाकून फक्त दुसऱ्याने सरकतं दृश्य मिनिटभर पाहायचं. मग डोळे बदलायचे, म्हणजे ज्याने पाहिलं तो झाकायचा आणि ज्याने काहीच पाहिलं नाही तो उघडायचा. तरीही स्थिर वस्तू सरकताना दिसते, मात्र परिणाम जरा फिका असतो. याचा अर्थ माणसात मंदावणाऱ्या पेशींपैकी बऱ्याचशा डोळ्यात नसून, दोन्ही डोळ्यांची माहिती जिथे एकत्र येते तिथे, म्हणजे मेंदूत आहेत.

शंकासुर
म्हणजे 'स्थिर' दिसणं हा दोन गटांतला बरोबरीत सुटलेला सामना! मी आजवर समजत होतो की काही घडत नाही म्हणून स्थिर दिसतं.

लेथवाला
माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा, पण विषयाला धरून आहे. पंचवीस वर्षं लेथवर काम करतोय. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना फिरणारा चक (म्हणजे लेथवर काम पकडून फिरवणारा भाग) ट्यूबलाइटखाली दाखवतो आणि विचारतो, मशीन चालू आहे की बंद?

जुन्या, चोकवाल्या ट्यूबा ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. आता थ्री-जॉ, म्हणजे तीन जबड्यांचा, चक मिनिटाला २००० फेरे फिरतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला ३३ आणि एक तृतीयांश. दोन उजेडांच्या मध्ये चक बरोबर एक तृतीयांश फेरा फिरतो. तिन्ही जॉ एकसारखे, त्यामुळे प्रत्येक उजेडात चित्र तेच. चक थांबल्यासारखा दिसतो. वेग किंचित कमी केला की उलटा फिरताना दिसतो.

यात बोटं जातात. माझ्या शेजारच्या मशीनवर एकाने मशीन बंद आहे समजून हात पुढे नेला होता. मी ओरडलो म्हणून वाचला. तेव्हापासून मी प्रत्येक मशीनवर उघडझाप न करणारा एक स्वतंत्र दिवा लावल्याशिवाय काम सुरू करू देत नाही. एकाच जागी दोन ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर जोडल्या तरी फरक पडतो, एक मंद होते तेव्हा दुसरी प्रखर असते.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, आधी स्विच पाहा, एवढंच सांगतो पोरांना.

अर्धविराम
लेथवाला, हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात उपयोगी. चित्रपटात गाडीचं चाक उलटं फिरतं तो हाच हिशोब. आठ आऱ्यांचं चाक सेकंदाला तीन फेरे फिरलं, तर २४ चित्रांच्या हिशोबाने दोन चित्रांमध्ये ते बरोबर एका आऱ्याइतकं पुढे जातं आणि थांबलेलं दिसतं. जरा हळू फिरलं तर प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या किंचित अलीकडे येतो. मेंदू सगळ्यात जवळची जोडी लावतो, म्हणून चाक मागे.

रानवारा
पण मला भर दुपारी उन्हातही फिरतं चाक उलटं दिसलंय. तिथे ना ट्यूबलाइट ना कॅमेरा. मग मेंदूच चित्रपटासारखी सुटी चित्रं घेतो की काय?

नेत्रपल्लवी
रानवारा, या प्रश्नावर खरोखर वाद झालाय. डेल पर्व्हस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नेमकं हेच मांडलं: अखंड उजेडातही चाक कधीकधी उलटं दिसतं, म्हणजे मेंदूही चित्रामागून चित्र घेत असावा.

२००४ मध्ये दुसऱ्या गटाने एक साधी युक्ती केली. एकसारखे दोन फिरते नमुने शेजारी शेजारी ठेवले. मेंदू सगळ्या दृश्याची एकदम चित्रं घेत असेल, तर दोन्ही एकाच क्षणी उलटे व्हायला हवेत. तसं होत नाही, एक उलटा दिसतो तेव्हा दुसरा सरळ असतो. त्यांचं म्हणणं, हीसुद्धा दोन गटांची रस्सीखेचच आहे. आऱ्यांचा नमुना सारखा सारखा येत असल्याने उलट दिशेच्या पेशीही थोड्या चेतवल्या जातात. बराच वेळ पाहत राहिलं की सरळ दिशेचा गट मंदावतो आणि कधीतरी उलटा गट जिंकतो. मला हे जास्त पटतं. विरोधी मत मांडणारेही आहेत, त्यांच्या मते आपलं लक्ष टप्प्याटप्प्याने नमुने घेतं.

पाणवठा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. खडक *उलट्या दिशेने* का गेला ते समजलं. पण माझा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. वरच्या गटाचं पारडं जड झालं, ठीक. मग शेवाळाचा पट्टा वर का गेला नाही?

अर्धविराम
आता त्यावर येतो. आपण शाळेत वेग शिकतो तो असा: आधी जागा, मग नंतरची जागा, दोन्हींतलं अंतर भागिले वेळ. म्हणून आपण गृहीत धरतो की मेंदूही आधी जागा पाहतो आणि त्यातून गती *काढतो*. तुमचा खडक सांगतोय की तसं नाही. गती ही मेंदूसाठी रंगासारखी वेगळी, थेट जाणवणारी गोष्ट आहे. जागेचा हिशोब दुसरीकडे चालतो. तुमच्या मेंदूत एक विभाग 'वर चाललाय' म्हणत होता, दुसरा 'इथेच आहे' म्हणत होता, आणि तुम्हाला दोन्ही एकदम दिसलं.

याचा पहिला मोठा पुरावा १८७५ चा. व्हिएन्नाच्या सिग्मुंड एक्सनर यांनी दोन विजेच्या ठिणग्या एकामागून एक पाडल्या. त्या इतक्या जवळ आणल्या की दोन वेगळ्या ठिणग्या म्हणून ओळखताच येईनात. तरी काहीतरी सरकलं हे दिसत होतं. दोन जागा दिसल्याच नाहीत, तर त्यांतलं अंतर कुठून काढणार?

पुढे १९७० च्या दशकात सेमिर झेकी यांनी माकडाच्या मेंदूत एक भाग दाखवला, जिथल्या बहुतेक पेशी दिशेला प्रतिसाद देतात आणि रंगाची फारशी दखल घेत नाहीत. माणसात तो डोक्याच्या मागच्या बाजूला, कानाच्या वर-मागे येतो. १९९० मध्ये विल्यम न्यूसम यांच्या प्रयोगशाळेत माकडं पडद्यावरचे ठिपके कुठल्या दिशेला चाललेत हे ओळखत असताना, याच भागातल्या एका दिशेच्या पेशींना अगदी सूक्ष्म विजेचा झटका दिला. माकडांचं उत्तर त्या दिशेकडे झुकलं. ठिपके तेच, उत्तर बदललं.

आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट १९८३ ची. जर्मनीतल्या संशोधकांनी एका स्त्रीबद्दल लिहिलं. तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना याच भागात इजा झाली होती. तिला रंग दिसत, चेहरे ओळखू येत, वाचता येई. फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार बर्फासारखी गोठलेली दिसे आणि कप कधी भरला ते कळत नसे. खोलीत माणसं असली की ती 'आत्ता इथे होती, एकदम तिथे आहेत' अशी. रस्ता ओलांडताना गाडी लांब असे आणि अचानक अंगाजवळ. शेवटी ती आवाजावरून गाडीचा अंदाज घ्यायला शिकली.

म्हणजे तिला जागा दिसत होती, गती नाही. तुम्हाला त्या दिवशी गती दिसली, जागेतला बदल नाही. एकाच नाण्याच्या दोन बाजू.

सांजवेळ
हे वाचून अंगावर काटा आला, कारण मी ते थोडं भोगलंय. मला अर्धशिशी आहे. दोन वेळा झटक्याच्या आधी असं झालं की समोरून चालत येणारा माणूस तुकड्यातुकड्याने पुढे येत होता. मधलं चालणं गायब. हात वर केला तर हात खाली दिसायचा आणि मग एकदम वर. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. मी घरी सांगितलं तर कुणालाच नीट समजेना, मलाच शब्द सापडत नव्हते. 'गती दिसत नव्हती' हे तीन शब्द आज मिळाले. धन्यवाद, अर्धविराम.

नेत्रपल्लवी
सांजवेळ, अर्धशिशीत असं होतं हे माहीत आहे, तुम्ही एकट्या नाही. तरी हे वर्णन तुमच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, आणि पुन्हा झालं तर त्या वेळी गाडी अजिबात चालवू नका.

रानवारा
गाडीवरून आठवलं. धुक्यात वेग कमी वाटतो म्हणून लोक नकळत जोरात चालवतात, असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

अर्धविराम
१९९८ च्या एका प्रयोगात तसं दिसलं होतं. दृश्य फिकं केलं की तोच वेग कमी भासतो, आणि आभासी गाडी चालवणारे लोक वेग वाढवतात. पण २०१२ मध्ये दुसऱ्यांनी आक्षेप घेतला. खरं धुकं सगळं सारखंच फिकं करत नाही, लांबचं जास्त पुसतं आणि जवळचं स्पष्ट ठेवतं. जवळचा रस्ता नजरेसमोरून जास्त झपाट्याने मागे जातो. तसं धुकं दाखवलं तेव्हा लोकांना वेग उलट जास्त भासला आणि त्यांनी गाडी हळू केली. म्हणून ते जुनं विधान जसंच्या तसं घेऊ नये.

दुर्बीण
अवांतर: काळोख्या रात्री एकटाच तारा पाहत राहिलं की तो डुलायला लागतो. निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांनी १७९९ मध्ये तेनेरिफ बेटावरून हे पाहिलं आणि तारेच डुलतात असं त्यांना वाटलं. आसपास तुलनेला दुसरं काही नसलं की डोळ्याचं स्वतःचं हलणं ताऱ्याच्या खाती जमा होतं. आम्ही नव्या निरीक्षकांना म्हणूनच सांगतो, तारा हलला असं वाटलं तर आधी शेजारी दुसरा तारा शोधा.

शंकासुर
मग डोळे तर दिवसभर हलतातच. सेकंदाला तीनेक उड्या. तेव्हा जग का नाही डुलत?

नेत्रपल्लवी
कारण डोळ्याला 'हल' असा हुकूम देताना मेंदू त्याची एक प्रत स्वतःकडेही ठेवतो आणि तेवढी हालचाल वजा करतो. पडताळा सोपा आहे. एक डोळा मिटा आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरून, बोटाने अगदी हलका दाब द्या. जग लगेच हलेल. डोळा बोटाने हलला, हुकुमाने नाही, त्यामुळे वजा करायला प्रतच नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९ व्या शतकात यावर लिहिलंय. शिवाय डोळ्याची उडी चालू असताना मेंदू दिसणं दाबूनही ठेवतो. आरशात आपल्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे नजर न्या, स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतील.

माऊ
आत्ता आरशासमोर जाऊन आले. खरंच दिसत नाहीत! बहिणीला बोलावून खात्री केली, तिला दिसले.

पाणवठा
दोन दिवसांनी परत येतोय, प्रयोग करूनच.

संगणकावर एक लांबलचक यादी मंद वेगाने वर सरकत ठेवली, मधोमध कागदाचा एक ठिपका चिकटवला आणि डाव्या डोळ्याने मिनिटभर त्या ठिपक्याकडे पाहिलं. यादी थांबवली, डावा झाकला, उजवा उघडला. ओळी खाली उतरायला लागल्या. फिक्या, आणि पाच-सहा सेकंदच, पण नक्की. पुन्हा डाव्याने केलं तेव्हा त्याच्या दुप्पट तरी टिकल्या.

मग पडद्याच्या कडेला मोजपट्टी लावली आणि ओळी उतरत असताना एका ओळीची उंची वाचली. काही फरक नाही.

अर्धविराम
सुरेख! एक बारकावा जोडतो, म्हणजे माझं आधीचं विधान जास्त ताणलं जाणार नाही. १९९९ च्या एका प्रयोगात असं दिसलं की फिरता नमुना बराच वेळ पाहिल्यावर स्थिर नमुना किंचित कललेलाही *भासतो*. म्हणजे गतीचा विभाग जागेच्या विभागाला थोडं ढकलतो. पण ते ढकलणं अगदी थोडं असतं आणि फार वेळ वाढत जात नाही. खडक पंधरा सेकंद वर जाताना दिसला तरी पंधरा सेकंदांचं अंतर काही साठत नाही. तुमच्या मोजपट्टीवर ते दिसणं कठीण, पट्टीही त्याच डोळ्यांनी वाचायची ना.

नेत्रपल्लवी
पाणवठा, आता आणखी एक करा. यादी थांबली की लगेच डोळे मिटा, परिणाम एरवी जेवढा टिकतो तेवढा वेळ मिटलेलेच ठेवा, मग उघडा. तो विरून गेलेला असेल असं वाटतं ना? पाहा काय होतं.

पाणवठा
केलं. वीस मोजेपर्यंत डोळे मिटले होते. उघडल्यावर ओळी पुन्हा उतरायला लागल्या, जणू माझीच वाट पाहत होत्या! शेजारी मुलगी बसली होती, तिच्याकडूनही करून घेतलं. तिला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, अक्षरं खाली चाललीत, पण ओळ तीच आहे."